शेवटच्या ओळीतला एक

माझी पहिली तक्रार एका आकड्याबद्दल आहे. पर्लमध्ये स्वतःचं मॉड्यूल लिहिलं, की त्या फाइलीच्या अगदी तळाशी एक हा आकडा लिहून पुढे अर्धविराम द्यावा लागतो. त्या ओळीत दुसरं काही नसतं. तो आकडा कशाचं माप नाही, कुठल्या बेरजेत येत नाही, कागदावर छापला जात नाही. तो नसला, तर मात्र संगणक सगळं काम थांबवतो आणि फाइलीनं खरी किंमत परत दिली नाही, असं इंग्रजीत सांगतो. या आकड्यानं माझी जानेवारीतली एक अख्खी रात्र घेतली, आणि ती मी विसरलेले नाही.

मी नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे हिशोब पाहते. दिवाळी झाली की ओल्या लाल मिरचीच्या गाड्या यायला लागतात आणि शहराच्या कडेला पथाऱ्यांवर ती वाळत पडते. लांबून जमीनच लाल दिसते. तोल, बारदान, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पावती, पथारीवर किती टाकली, वाळून किती निघाली, हे सगळं रोज रात्री जुळवायचं असतं. माझ्या आधी हे काम पाहणाऱ्यानं त्यासाठी पर्लचे पाच प्रोग्राम लिहून ठेवले होते. जाताना त्यानं मला दोन दिवस शिकवलं, बाकीचं मी माझी शिकले. लॅरी वॉल यांनी १९८७ साली काढलेली ही भाषा. मजकुराच्या ढिगातून हवं ते उचलायचं आणि त्याचा तक्ता मांडायचा, हे तिचं मूळचं काम, आणि पावत्यांच्या ढिगासाठी ती आजही चांगली आहे. मला ती आवडते. आवडत नसती, तर तक्रार करण्यात मी वेळ घालवला नसता.

त्या पाचही प्रोग्रामांत निव्वळ वजन काढणारा तोच सहा ओळींचा तुकडा चिकटवलेला होता. एकूण वजन घ्यायचं, पोती मोजायची, पोत्यामागे बारदान वजा करायचं. एका हंगामात तागाची पोती जाऊन हलकी प्लास्टिकची आली. बारदानाचा आकडा मी चार ठिकाणी बदलला. पाचवं ठिकाण पावतीचं होतं, आणि तेच राहिलं. शहाद्याकडचा एक शेतकरी पावती घेऊन काउंटरपाशी उभा राहिला. “ताई, मन्हं वजन कमी कसं व्हयनं?” वहीत एक वजन आणि त्याच्या हातातल्या कागदावर दुसरं. फरकाचे पैसे त्याला तिथेच दिले, पण तो मला खोटं समजला असता तर मी काय सांगणार होते? सहा ओळी पाच जागी लिहिल्या होत्या, हे त्याला सांगण्याजोगं कारण नाही. वजन काढण्याची रीत एकाच जागी लिहिलेली असावी आणि ज्याला लागेल त्यानं तिला तिथूनच हाक मारावी, हे मला त्या दिवशी पटलं. पर्लमध्ये त्याला मॉड्यूल म्हणतात. ही सोय १९९४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला त्याच्याही चार वर्षं आधीपासून. इतक्या जुन्या गोष्टीची वाट आतापर्यंत सपाट झाली असेल, असं मला वाटलं होतं.

आता तो एक. मी तोल नावाची फाइल केली. वर पॅकेजचं नाव, मग बाहेर देण्याच्या फंक्शनांची यादी, मग बारदान बरोबर एक किलो अशी ओळ, आणि खाली फंक्शनं. शेवटचा आकडा मी लिहिलाच नव्हता, कारण तो लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तरीही मॉड्यूल महिनाभर बिनतक्रार चाललं. मग एके दिवशी पोत्यांऐवजी सुटी मिरची भरलेल्या ट्रॉल्या आल्या. सुट्या मालाला बारदान नाही, म्हणून मी फाइलीत एकाच्या जागी शून्य केलं. त्या क्षणापासून पाचही प्रोग्राम बंद. एक आकडा बदलला होता, तोही बरोबर बदलला होता, आणि संगणक म्हणत होता की फाइल खरी किंमत देत नाही.

कारण असं, की पर्ल फाइल चालवून पाहतो आणि तिच्यातल्या शेवटी चाललेल्या ओळीची किंमत बघतो. फंक्शनं नुसती मांडून ठेवलेली असतात, ती चाललेली ओळ म्हणून धरली जात नाहीत. माझ्या फाइलीत शेवटी चालणारी ओळ बारदानाची होती. बारदान एक किलो होतं तोवर किंमत खरी होती. शून्य झालं, आणि पर्लच्या लेखी शून्य म्हणजे खोटं. महिनाभर माझं मॉड्यूल एका पोत्याच्या वजनावर उभं होतं. फाइल नीट तयार झाली की नाही हे तिनं स्वतः सांगावं, हा या नियमामागचा हेतू मला समजतो. पण चुकून बरोबर चालणारी गोष्ट ही न चालणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त घातक असते. पहिल्याच दिवशी अडवलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी शिकले असते. २०२३ सालच्या ५.३८ या आवृत्तीत, फाइलीत ती आवृत्ती मागितली, तर हा आकडा लिहावा लागत नाही. आमच्या दुकानातल्या संगणकावर ५.३२ आहे. त्यामुळे मी तो लिहिते, आणि लिहिताना कळफलक मराठीवर राहिला तर तेही चालत नाही. देवनागरीतला १ पर्लला अनोळखी चिन्ह वाटतो. आकडा इंग्रजीच हवा.

दुसरी तक्रार पत्त्याची. मॉड्यूल सापडलं नाही की पर्ल म्हणतो, तोल ही फाइल अमुक फोल्डरांत मिळाली नाही, तुम्हाला तोल नावाचं मॉड्यूल कदाचित बसवून घ्यावं लागेल. नवशिक्या माणसाचा या वाक्यावर विश्वास बसतो. माझा बसला. सीपॅन हे पर्लच्या मॉड्यूलांचं जगभरचं कोठार १९९५ पासून चालू आहे. तिथे मी माझंच मॉड्यूल शोधलं. जे मी आदल्या दिवशी नंदुरबारात लिहिलं, ते तिथे कसं असेल? संदेश लिहिणाऱ्यानं दुसऱ्यांची मॉड्यूलं वापरणाऱ्याचा विचार केला होता. स्वतःचं मॉड्यूल स्वतः लिहिणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. ‘फाइल तुमचीच असेल तर ती कुठे ठेवली आहे ते मला सांगा’ एवढी एक ओळ पुरली असती.

जुन्या पुस्तकांत धडा सोपा आहे: मॉड्यूलची फाइल प्रोग्रामच्या शेजारी ठेवा आणि यूज लिहून तिला बोलवा. २०१७ च्या मे महिन्यात ५.२६ ही आवृत्ती आली, तोवर ते खरंही होतं. पर्ल ज्या फोल्डरांत शोध घेतो त्यांची यादी आयएनसी नावाच्या रांगेत असते, आणि त्या रांगेच्या शेवटी ‘आपण उभे आहोत ते फोल्डर’ असायचं. ते सुरक्षेसाठी काढलं. भलत्या फोल्डरात उभं राहून प्रोग्राम चालवला आणि तिथे कोणी त्याच नावाची खोटी फाइल ठेवलेली असली, तर ती चालून जायची. कारण रास्त आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण पुस्तकं तीच राहिली, शिकवणारे तेच राहिले, आणि शिकणाऱ्याला पहिल्याच पानावर अडखळायला होतं.

मग कोणी सांगतं, यूज लिब लिहा आणि एक टिंब द्या. टिंब म्हणजे पुन्हा ‘आपण उभे आहोत ते फोल्डर’. दिवसा मी हातानं चालवते तेव्हा मी योग्य फोल्डरात उभी असते. रात्री साडेनऊला विंडोज ते काम आपोआप चालवतं, आणि विंडोज त्या वेळी दुसऱ्याच फोल्डरात उभं असतं. तीन रात्री हिशोब झाला नाही. तीनही सकाळी मी तोच प्रोग्राम चालवून पाहिला आणि तो बिनचूक चालला. त्यावर उपाय फाइंडबिन. हे मॉड्यूल पर्लसोबतच येतं आणि प्रोग्रामची स्वतःची फाइल जिथे आहे त्या फोल्डराचा पत्ता देतं. आपण कुठे उभे आहोत याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. हे लिहायला मला दोनच ओळी लागल्या. त्या दोन ओळी पहिल्या धड्यात हव्यात.

याच वाटेवर आणखी एक खड्डा आहे. आयएनसीच्या रांगेत आपलं फोल्डर घालणारी साधी ओळ मी वर लिहिली आणि खाली यूज लिहिलं. वरची ओळ आधी चालेल, असं कुणालाही वाटेल. पण यूज प्रोग्राम वाचतानाच अंमलात येतं, आणि वरची साधी ओळ सगळं वाचून झाल्यावर. म्हणजे खालची ओळ आधी आणि वरची नंतर. साध्या ओळीला बिगिनच्या कंसात बसवलं तर ती वेळेवर चालते, नाहीतर यूज लिबच लिहावं. वरून खाली वाचणाऱ्या माणसाला हे कोणीतरी आधी सांगायला पाहिजे.

नावांबद्दल मला तक्रार कमी आणि समाधान जास्त आहे. मॉड्यूलचं पूर्ण नाव हिशोब::तोल असं ठेवलं, तर हिशोब नावाच्या फोल्डरात तोल ही फाइल असते. मधली चार टिंबं म्हणजे फोल्डरची पायरी. आमच्या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत एका गावाचे अनेक पाडे असतात, आणि पाटीलपाडा एकाच गावात असतो असं नाही. नुसतं पाटीलपाडा म्हटलं तर माणूस चुकेल, आधी गाव सांगावं लागतं. तसंच तोलमधलं बेरीज वेगळं आणि हमालीमधलं बेरीज वेगळं. म्हणून फंक्शनांची नावं बाहेर देणाऱ्या एक्स्पोर्टर या मॉड्यूलला मी सगळी नावं आपोआप बाहेर सोडू देत नाही. मागितलं तेवढंच मिळेल अशी यादी ठेवते, आणि शंका असली तर पूर्ण नावानं हाक मारते. लिहायला चार अक्षरं जास्त लागतात, पण सहा महिन्यांनी वाचताना कोणता पाडा कोणत्या गावचा ते कळतं.

तक्रार लहान-मोठ्या अक्षरांची आहे. इंग्रजीत मॉड्यूलचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू होतं आणि मी एकदा यूजच्या ओळीत लहान अक्षर लिहिलं. विंडोजला फाइलींच्या नावात लहान-मोठं सारखंच, त्यामुळे फाइल सापडली. पर्लला मात्र पॅकेजचं नाव वेगळं वाटलं. त्या नावाचं पॅकेज नाही म्हणून त्यानं फंक्शनं आणलीच नाहीत, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढे चाळीस ओळींनी फंक्शनला हाक मारली तेव्हा असं फंक्शन नाही म्हणून तो थांबला. चूक एका ठिकाणी आणि ओरड दुसऱ्या ठिकाणी. मी त्या चाळिसाव्या ओळीकडे पाऊण तास बघत होते.

हात बसावा म्हणून मी आणखी एक मॉड्यूल लिहिलं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या बारा आकड्यांतला शेवटचा पडताळणीचा असतो, आणि तो फेरहुफ या डच गणितज्ञाच्या रीतीनं काढतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ही रीत ते हमखास पकडते. हाताने आकडे भरणाऱ्यांच्या या दोन्ही रोजच्या चुका आहेत. रीतीला दोन तक्ते लागतात, एकात शंभर घरं आणि दुसऱ्यात ऐंशी. असे तक्ते तर एकदाच लिहावेत आणि पुन्हा कधी नकलू नयेत. मी दोन्ही तक्ते दोन रांगांत भरून फंक्शनला दिले. फंक्शनच्या हातात एकशे ऐंशी आकड्यांची एकच रांग पडली. पर्लमध्ये दोन रांगा नुसत्या दिल्या की त्यांची मिसळ होते. वेगळ्या ठेवायच्या तर रांग न देता रांगेचा पत्ता द्यावा लागतो. दोन पोती काट्यावर ठेवली म्हणून त्यातला माल एक होत नाही, हे मला अजूनही वाटतं.

सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट आपल्या लिपीची आहे. मुख्य प्रोग्रामच्या वर मी यूज यूटीएफ-८ लिहिलं होतं, म्हणजे पर्लनं देवनागरी शब्द अक्षरांनी वाचावेत. तालुक्यांची यादी मी मॉड्यूलमध्ये नेली: अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नंदुरबार, नवापूर, शहादा. त्या रात्री सहाही तालुक्यांची आवक ‘इतर’ या रकान्यात पडली. मी मॉड्यूलमधला तळोदा आणि पावतीतला तळोदा दोन्ही एका फाइलीत छापून शेजारी शेजारी पाहिले. दोन्ही सारखे. काना, मात्रा, सगळं तेच. तरी संगणक म्हणे, हे शब्द एक नाहीत.

यूटीएफ-८ची ती सूचना फक्त ज्या फाइलीत लिहिली त्या फाइलीपुरती असते. मुख्य प्रोग्रामनं ती दिली म्हणून त्यानं बोलावलेल्या मॉड्यूलला ती मिळत नाही. पावतीतला तळोदा पाच चिन्हांचा होता आणि मॉड्यूलमधला पंधरा बाइटांचा. नंदुरबार हाच शब्द घ्या. मुलगा पाटीवर लिहील तर अक्षरं पाच. पर्लला सूचना दिली तर आठ, कारण अनुस्वार, उकार आणि काना तो वेगळे मोजतो. सूचना नसली तर चोवीस. रकाने सरळ यावेत म्हणून वीस घरांची जागा सोडली, की प्रत्येक गावाची ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते. मराठीत अक्षर म्हणजे काय, हे पहिलीच्या मुलाला माहीत असतं. पर्ललाही ते येतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये एक खूण आहे, तिनं मोजलं की नंदुरबारची पाचच अक्षरं भरतात. पण ती खूण पुस्तकाच्या शेवटच्या भागात असते, कारण ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं त्यांचं एक चिन्ह म्हणजेच एक अक्षर असतं.

आकड्यांचंही तेच. पोत्यांची संख्या काही जण पावतीवर देवनागरीत लिहितात आणि भरणारा मुलगाही तशीच भरतो. हा आकडा आहे का, असं विचारलं की पर्ल १२ ला हो म्हणतो. मग त्यात बेरीज करायला सांगितली की तो त्याला शून्य धरतो. आधी ओळखतो आणि मग मोजत नाही. इशाऱ्याची सूचना चालू असली तर तो निदान हा आकडा नाही असं कुरकुरतो, पण ती सूचनाही फाइलीपुरतीच, आणि माझ्या मॉड्यूलमध्ये मी ती लिहिली नव्हती. बारा पोत्यांचं बारदान शून्य झालं. आता माझ्या प्रत्येक मॉड्यूलच्या वर तीन ओळी असतातच: कडकपणाची, इशाऱ्याची आणि यूटीएफ-८ची. आणि देवनागरी आकडे इंग्रजीत फिरवणारं फंक्शन एकाच ठिकाणी आहे.

लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकले होते. आफ्रिकेत जाऊन एखाद्या अलिखित भाषेला लिपी करून द्यावी, असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा विचार होता, तो पुढे तब्येतीमुळे राहून गेला. हे वाचल्यावर मला पर्लबद्दल जवळीक वाटायला लागली. आमच्या पथारीवर एका दिवसात अहिराणी, पावरी, मावची, देहवाली, गुजरी आणि मराठी कानावर येते. अशा माणसाच्या भाषेत आमचे शब्द मोजले जावेत, ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही.

शेवटची तक्रार मिटली आहे, ती मिटली तशी सांगते. खातेदारांची यादी नावांच्या क्रमानं लावली तर वळवी आधी येत आणि वसावे नंतर. दोन्ही आडनावांची माणसं आमच्याकडे भरपूर, त्यामुळे चूक पानोपानी दिसायची. संगणकाच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. आमच्या व्यापाऱ्याच्या, म्हणजे शेठजींच्या, हाताने लिहिलेल्या जुन्या वह्यांत क्रम वर्णमालेचाच आहे, म्हणून नवी यादी आणि जुनी वही कधी जुळायची नाहीत. पर्लसोबत २०११ पासून येणाऱ्या युनिकोड::कोलेट::लोकेल या मॉड्यूलला मराठीचा क्रम माहीत आहे. त्याला फक्त मराठी म्हणून सांगावं लागतं. ते मी माझ्या हिशोब::नाव या मॉड्यूलमध्ये बसवलं. वर तीन ओळी, फाइंडबिनचा पत्ता मुख्य प्रोग्रामात, तळाशी एक आणि अर्धविराम.

पहिली यादी छापून मी शेठजींपुढे ठेवली. त्यांनी कपाटातली वही काढली, चष्मा लावला आणि व वर बोट ठेवून दोन्हीकडे खाली खाली नेलं.

“वसावे आधी,” ते म्हणाले. “मग वळवी. बरोबर आहे, ताई.”